दुसऱ्या माणसाची मंजुरी

फोन ठेव आधी. ठेव म्हणतो ना. काय म्हणालास तू आत्ता त्या मित्राला? “त्याचंच लॉगिन वापर रे, तो सोडून गेला तरी चालू आहे अजून.” आणि वर खी खी हसलास. खरं सांगतो, मला किळस आली. 

तोंडं अशी करू नका. तू, तुझी बहीण आणि ही तुमची मैत्रीण, तिघंही सॉफ्टवेअरवाले. मी आपला वजनमापं खात्यातला निवृत्त निरीक्षक. मला तुमच्या त्या जावा भाषेतलं ओ की ठो कळत नाही. पण चौतीस वर्षं मी दुकानदारांचे काटे तपासले, आणि तपासल्याशिवाय एकाही काट्यावर शिक्का मारला नाही. लोक शिव्या द्यायचे, मी शिक्का खिशात ठेवून चहा प्यायचो. तेव्हा शिक्का म्हणजे काय, हे तुम्ही मला शिकवू नका.

गॅलरीतला दिवा घालव, किडे येतात. बसा. माझ्या मेहुण्याचं सांगतो. हो, तुमच्या मामीचा धाकटा भाऊ, पंप दुरुस्त करतो तोच. तो पूर्वी तुमच्याच धंद्यात होता. माहीत नव्हतं ना? तो सांगत नाही. मलाही एकदाच सांगितलं, तेही माझ्याकडे पाठ करून.

तर, काही वर्षांपूर्वीची नोव्हेंबरातली एकवीस तारीख, गुरुवार. रात्री सव्वाअकराला मेहुणा घरातून निघाला. एका खिशात पेनड्राइव्ह, दुसऱ्या खिशात रिमोटचे दोन सेल, कारण सर्व्हरच्या खोलीतला एसी रिमोटशिवाय कुणाला जुमानायचा नाही. पोरगी सहा महिन्यांची, नुकती झोपलेली. बायकोला हळूच म्हणाला, “दोनपर्यंत येतो, आतून कडी लावू नकोस.” तिनं झोपेतच हुंकार भरला. काम नेहमीचंच होतं, त्यात भिण्यासारखं काही नव्हतं.

त्याची कंपनी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्या. खाली टायरचं दुकान, त्यामुळे जिन्यात कायम रबराचा वास. ही मंडळी एका मोठ्या रुग्णालयासाठी वेब ॲप्लिकेशन बनवायची. सिस्टरनं संगणकावर रोग्याचं वजन घालायचं, डॉक्टरांनी लिहिलेलं औषध निवडायचं, की पान सांगणार, इतकं द्या. खाली चिठ्ठी छापून येणार. सिस्टर त्या चिठ्ठीबरहुकूम औषध देणार.

ते ॲप्लिकेशन बदललं की डिप्लॉय करायचं. मेहुण्यानं मला समजेल असं सांगितलं होतं. जावात लिहिलेलं सगळं एका गठ्ठ्यात बांधायचं, त्याला वॉर फाइल म्हणतात. गठ्ठा ॲप्लिकेशन सर्व्हरच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकायचा. सर्व्हर तो स्वतःच सोडतो, सामान मांडतो आणि दुकान उघडतो. बरोबर ना? मान हलवतेय म्हणजे बरोबर. तर हा गठ्ठा आधी चाचणीच्या सर्व्हरवर जायचा. तिथे तपासून मंजूर झाला, तरच तो खऱ्या सर्व्हरवर सरकायचा.

आता हे मंजूर करणं. रुग्णालयाची अट होती की दोन माणसं हवीत. एकानं टाकायचं, दुसऱ्यानं तपासायचं, आणि तपासणाऱ्यानं यंत्रावर अंगठा ठेवून मंजुरी द्यायची. टाकणारा मेहुणा. तपासणारा एक पन्नाशीचा गृहस्थ, ज्याला सगळं ऑफिस नामंजूरराव म्हणायचं. कारण तो दर दोनातला एक गठ्ठा परत पाठवायचा. रात्ररात्र बसून एकेक आकडा घालून बघायचा. चूक सापडली की जिभेनं “च्च” करायचा. ते “च्च” ऐकलं की मेहुणा कपाळाला हात लावायचा, पुन्हा पहिल्यापासून सगळं. परत पाठवायचं कारण एका ओळीत लिहायचा, दुसरी ओळ कधी नाही.

माणूस सज्जन, पण सवय घाणेरडी. अंगठा यंत्रावर ठेवायच्या आधी तो जिभेवर ओला करायचा. कोरडा अंगठा ते यंत्र घ्यायचंच नाही. मेहुणा नंतर नाक मुरडत यंत्र रुमालानं पुसायचा. पण काम चोख! मला असा माणूस खात्यात मिळाला असता तर मी त्याची थुंकीसुद्धा चालवून घेतली असती.

हा नामंजूरराव आदल्या डिसेंबरात गेला. घरच्या जिन्यातच कोसळला. मुलगा दूर होता, तो येईपर्यंत त्याला त्याच रुग्णालयाच्या थंड खोलीत ठेवलं होतं. कंपनीचा मालक आणि मेहुणा बघायला गेले. मालकानं डोळे पुसले, राखणदाराला म्हणाला, “दोन मिनिटं मला एकट्याला राहू द्या. वीस वर्षांची सोबत होती.” सगळे बाहेर आले. दोन मिनिटांची सात झाली. मालक बाहेर आला तेव्हा रुमालानं बोटं पुसत होता, आणि बोटांना गुलाबी लगदा लागला होता.

आलं का ध्यानात? नाही ना. मेहुण्याच्याही आलं नव्हतं.

सोमवारी मालकानं त्याच्यापुढे एक डबी ठेवली, गोळ्यांची असते तसली पत्र्याची. आत रबराचा अंगठा. मालकाचा भाऊ दातांच्या कवळ्या करायचा. त्याच्याकडचा तो साचा घ्यायचा लगदा नेऊन, मेलेल्या मित्राच्या अंगठ्याचा ठसा घेऊन आला होता हा. वीस वर्षांची सोबत!

मेहुणा म्हणाला, “साहेब, हे काय?”

“तो गेल्याचं रुग्णालयाच्या संगणक विभागाला कळवायचं नाही. नवा तपासनीस नेमायचा तर त्यांची मान्यता लागते. सहा महिने जातात. तोवर ते आपलं काम थांबवतील. मग मी काय करू, आणि तू काय करशील? घरी बायको अवघडलेली आहे ना तुझी?”

“पण त्यांच्या घरी कळलं तर...”

“तो असता तर मंजूर करायचाच ना? मग! तेच आपण करतोय. एवढं मनाला लावून घेऊ नकोस.”

आणि आमच्या शहाण्यानं डबी खिशात घातली. तुमच्या मामीचा भाऊ आहे म्हणून मी पांघरूण घालणार नाही. त्यानं घेतली. अकरा महिने तो त्या मेलेल्या माणसाचा अंगठा दाबत राहिला. चौतीस वेळा. पहिल्यांदा म्हणे रात्री उलटी झाली. दहाव्या वेळी काही वाटेना. विसाव्या वेळी तो अंगठा दाबताना फोनवर क्रिकेट बघत होता.

तो अंगठा पिवळा पडला होता. चिकट झालेला, घड्यांमध्ये मळ भरलेला, एक केस चिकटलेला. ओला करायला, टपालात तिकिटांसाठी असतो तसा, डबीत स्पंज ठेवला होता, त्याला बुरशी आली होती. मी हे मुद्दाम सांगतोय. तोंड फिरवू नकोस, ऐक. तुम्ही ज्याला नुसतं लॉगिन म्हणता ना, ते हात लावून बघितलं तर असंच लागतं.

पण खरी घाण त्या डबीत नव्हती. खरी घाण ही, की तपासणारा कुणी राहिलाच नव्हता, आणि तरीही तपासायचं काम आपलं नाही ही मेहुण्याची सवय काही गेली नाही. गठ्ठा टाकला की तो मनात म्हणायचा, झालं आपलं काम, आता पुढचे बघतील. पुढचे म्हणजे कोण? डबीतला रबराचा तुकडा!

तर ती गुरुवारची रात्र. रुग्णालयानं बाळांच्या वॉर्डात नवा वजनकाटा घेतला होता, संगणकाला जोडलेला. त्या काट्याचं वजन आपोआप पानावर यावं, एवढाच नवा बदल. मेहुण्यानं तो स्वतः लिहिला होता, घाईत, दोन दिवसांत. चाचणी घेतली होती, पण ऑफिसातल्या जुन्या काट्यावर.

सर्व्हरच्या खोलीत शिरला आणि भपकारा आला. फरशीच्या पोकळीत उंदीर मेला होता, आठवडा झाला असेल, कुणी काढला नव्हता. एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं, बादलीवर हिरवी साय. कीबोर्डवरच्या अक्षरांवर तेलकट काळा थर. रिमोटमध्ये सेल घातले, एसी सुरू केला, तर ती घाण नुसती थंड झाली.

एक वाजून वीस मिनिटांनी गठ्ठा चाचणीच्या सर्व्हरवर टाकला. सर्व्हरनं तो सोडला, मांडला. पडद्यावर ओळी सरसर वर गेल्या आणि थांबल्या. मंजुरीची वाट.

डबी उघडली. स्पंज वाळून कडक झालेला. अंगठा त्यावर घासला, यंत्रावर दाबला.

नामंजूर.

अकरा महिन्यांत हा शब्द त्या पडद्यावर आला नव्हता. यंत्रानं अंगठा ओळखला नाही तर ते तसं सांगतं, पुन्हा ठेवा म्हणतं. हे तसं नव्हतं. अंगठा ओळखला होता. आणि नाही म्हटलं होतं.

पुन्हा दाबला. नामंजूर.

त्याला वाटलं, कोरडा आहे म्हणून गडबडतंय. खोलीत प्यायचं पाणी नाही. बादलीतल्या पाण्याला हात लावायची हिंमत होईना. घड्याळात एक बेचाळीस. घरी जायची घाई. आणि मग त्यानं...

हो. चाटला.

मला सांगताना तो इथे उठला, चूळ भरून आला. मग म्हणाला, भाऊजी, चव रबराची नव्हती.

खारट होती. माणसाच्या घामाची. आणि तो कोमट होता.

त्यानं तो झटकून यंत्रावर टाकला. दाबलाही नाही, नुसता पडला. पडद्यावर तिसऱ्यांदा नामंजूर. पण या वेळी खाली कारणाची चौकट उघडली होती. त्यात एक ओळ.

“बाळाचं वजन बघ.”

दुसरी ओळ नाही.

त्यानं मालकाला फोन लावला. मालक झोपेतून उठला, भडकला. “कोण मंजूर नाही करत? रबर करत नाही? शुद्धीवर आहेस का?”

“साहेब, कारण लिहून आलंय.”

“कुणीतरी चेष्टा करतंय. सकाळी सहापासून नवा काटा चालू व्हायचाय, मी शब्द दिलाय. मंजुरीबिंजुरी सोड. गठ्ठा उचल आणि हातानं थेट खऱ्या सर्व्हरवर टाक. बाकी मी बघतो.”

“आधी एकदा तपासून...”

“तपासायचं काम तुझं आहे का?” मालक म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानं टाकला. तुम्हाला ठाऊक आहे, हातानं टाकायचं म्हटलं तर काय लागतं? एक कॉपी, एक पेस्ट. एक पन्नासला जुनं बंद झालं. एक एक्कावन्नला नवं उघडलं. सगळं हिरवं. सुटला.

अंगठा उचलून डबीत टाकायला गेला. यंत्राची काच ओली होती. रुमालानं पुसली.

पुन्हा ओली.

पुन्हा पुसली. रुमाल चिकट झाला.

काचेवर पाणी नव्हतं. त्यात बारीक फेस होता...

एसीचा आवाज थांबला. बादलीतलं ठिबकणं थांबलं. पंखे फिरत होते, पण आवाज नाही. खोलीत नुसता तो वास.

आणि अगदी मागे. खुर्चीच्या पाठीला लागून...

“च्च.”

तो वळला नाही. मान वळेना. हात मात्र कीबोर्डवर गेले. त्याच तेलकट अक्षरांवर. तो म्हणाला, भाऊजी, आयुष्यात पहिल्यांदा मी तपासायला बसलो. भीतीनं. दुसरं काही सुचेना म्हणून.

नव्या काट्याचा आकडा घातला. चार किलो दोनशे ग्रॅमचं बाळ. जुना काटा लिहायचा चार पॉइंट दोन. नवा काटा पुढे एक शून्य जास्त लावायचा, चार पॉइंट दोन शून्य. ॲप्लिकेशन मधला बिंदू काढून टाकायचं आणि दहानं भागायचं. जुन्या काट्याला ते बरोबर बसायचं. नव्याला? चारशे वीस भागिले दहा.

बेचाळीस किलो! सव्वाचार किलोच्या बाळाला बेचाळीस किलोचं औषध. दहापट. आणि बेचाळीस हा माणसाच्या वजनात बसणारा आकडा, म्हणून यंत्रानं हूं की चूं केलं नाही. मी आयुष्यभर दुकानदारांची दांडी मारणारी बोटं पकडली रे. पाच-दहा ग्रॅमसाठी लोकांच्या दुकानांना टाळं ठोकलं. आणि इथे...

सहा वाजेपर्यंत वेळ होता ना, असंच त्यालाही वाटलं. जुना गठ्ठा परत टाकू, कुणाला कळणार नाही. मग त्यानं खऱ्या सर्व्हरवर कोण आहे ते पाहिलं. बाळांच्या वॉर्डात कुणीतरी पान उघडलं होतं. काटा आधीच जोडून ठेवला होता त्यांनी. पलंग नऊ. वजन बेचाळीस. चिठ्ठी एक अठ्ठावन्नला छापली गेली होती. खाली आपोआप छापलेली ओळ, “तपासून मंजूर”, आणि त्या मेलेल्या माणसाचं नाव.

घड्याळात दोन चार.

फोन लावला. वाजतोय. वाजतोय. कुणी उचलत नाही... मग उचलला. सिस्टर. आवाज कोवळा, महिन्याभरापूर्वीच लागलेली.

“सिस्टर, पलंग नऊचं औषध देऊ नका! चिठ्ठी चुकलीय.”

“तुम्ही कोण?”

“मी कंपनीतून. ॲप्लिकेशन टाकतो तो. बाळाचं वजन चुकीचं आलंय. दहापट आहे ते.”

“मलाही जास्तच वाटत होतं हो. मी इंजेक्शन भरलंय, पण हात जाईना. पण चिठ्ठीवर तपासून मंजूर लिहिलंय ना?” मग म्हणाली, “मी असं थांबवू शकत नाही. छापलेली चिठ्ठी रद्द करायची तर तुम्ही दोघांनी फोन करायचा, असा नियम आहे. टाकणाऱ्यानं आणि तपासणाऱ्यानं. कुणीही फोन करून औषध थांबवू नये म्हणून.”

“मग थांबून राहा नुसत्या.”

“कशी थांबू? बाळाला झटके येतायत. दोनचा डोस आधीच चुकलाय. डॉक्टर ऑपरेशनला आहेत. तुमच्या दुसऱ्या साहेबांना लवकर फोन करायला सांगा, मी दोन मिनिटं वाट बघते.”

मागून मेहुण्याला बाळाचं रडणंही ऐकू येत होतं. रडणं कसलं, कण्हणं. सहा महिन्यांची पोरगी घरी होती हो त्याच्या.

आता बघा माणसाचं मन कसं नासतं. त्याच्या डोक्यात पहिला विचार काय आला? की दुसऱ्या फोनवरून लावू. आवाज जाड काढू. नामंजूररावांसारखं खेकसू. तिला काय कळतंय? अंगठा तर आधीच चोरलेला होता, आता आवाज चोरायला निघाला. त्यानं दुसरा फोन हातातही घेतला. घसा खाकरला. आणि स्वतःचं ते खाकरणं त्याच्याच कानावर पडलं. तिथेच, त्या हिरव्या बादलीत ओकला.

तोंड पुसून फोन कानाला लावला. म्हणाला, “सिस्टर, दुसरा माणूस नाही. तो अकरा महिन्यांपूर्वी वारला. आम्ही त्याच्या अंगठ्याचं रबर करून दाबतो. कुणीच काही तपासत नाही. चौतीस वेळा मी न तपासता टाकलंय. पोलिसांना सांगा, कुणालाही सांगा, पण ते इंजेक्शन देऊ नका. पाया पडतो.”

पलीकडे ट्रेमध्ये काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. 

मग ती म्हणाली, “थांबा हं जरा. दुसरी लाइन वाजतेय.”

तिनं फोन टेबलावर ठेवला. मेहुण्याला ऐकू येत होतं. तिचंच बोलणं, लांबून. “हो... हो... बरं... लिहून घेते... नाही, नाही दिलं अजून... हो...”

एक मिनिट. जास्तच.

“हॅलो? झालं हो. बोलले ते.”

“कोण?”

“तुमचे दुसरे साहेब. तुम्ही तर म्हणालात की ते... जाऊ दे, ही काय थट्टा करायची वेळ आहे? औषधाचा बरोबर आकडा सांगितला त्यांनी. बाळाला जुन्या काट्यावर ठेवायला लावलं, आधी वजन, मग औषध. पण किती खेकसतात हो! जरा नीट बोलायला सांगा त्यांना.”

मेहुण्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आणि त्यांना म्हणावं, घसा दाखवा कुणाला तरी. बोलता बोलता सारखं च्च च्च करत होते.”

बाळ वाचलं. हो, वाचलं, श्वास सोडा. बरोबर डोस गेला, अडीचपर्यंत झटके थांबले. मेहुण्यानं जुना गठ्ठा परत टाकला, या वेळी चारदा तपासून. सकाळी घरी न जाता डबी घेऊन रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांपुढे उभा राहिला. सगळं सांगितलं. मालक म्हणाला, याचं डोकं फिरलंय. पण डबी टेबलावर होती. पुढे चौकशी झाली, कंपनीचं काम गेलं, मालकाला खटल्याला उभं राहावं लागलं. मेहुण्याची नोकरी गेली. जायलाच हवी होती. मी त्याला तोंडावर सांगितलं.

चौकशीतून डबी परत मिळाल्यावर तो ती घेऊन नामंजूररावांच्या बायकोकडे गेला. मी बरोबर होतो, एकट्याच्यानं जिना चढवेना त्याला. वहिनींनी झाकण उघडलं.  रडल्या नाहीत. म्हणाल्या, “हा त्यांचा नाही. त्यांच्या हाताला कधी घाण नसायची.” डबी बंद करून आमच्या हातात दिली, आत गेल्या, आणि आतून नळाचा आवाज येत राहिला. आम्ही तसेच उतरलो. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही, आणि मी तर काही केलंही नव्हतं.

तुझं तोंड का उतरलं? थांब, अजून आहे.

चौकशीत रुग्णालयाच्या टेलिफोनचा कागद काढला. त्या रात्री दोन ते अडीच, बाळांच्या वॉर्डात बाहेरून आलेला फोन एकच, मेहुण्याचा. आतून एकही नाही. दुसरी लाइन वाजलीच नव्हती. सिस्टरला विचारलं, तर तिनं नोंदवही पुढे केली. तिच्या अक्षरात दोन फोन, दोन वेळा, खाली औषधाचा बरोबर आकडा.  मेहुण्यानं तो तोवर मोजलेला नव्हता.

मी त्या वॉर्डात गेलो होतो, मागच्याच महिन्यात. तो काटा एकदा स्वतः बघावा म्हणून. निवृत्त झालो तरी खोड जात नाही. काटा ठीक आहे. सिस्टर आता जुनी झाली, तिनंच मला टेबलावरचा फोन दाखवला. त्याला दोन लाल दिवे आहेत, लाइन चालू असली की लागतात. पहिला विझलेला होता.

दुसरा त्या रात्रीपासून लागलेला आहे. फोन दोनदा बदलला. भिंतीतली तार बदलली. दिवा विझत नाही. मी विचारलं, “उचलून बघितलं का कुणी?”

“बघितलं की,” ती म्हणाली. “कुणी बोलत नाही. कुणीतरी थांबलंय, एवढं कळतं.”

बाळांच्या आया विचारतात म्हणून त्यांनी त्या दिव्यावर चिकटपट्टी लावलीय. पांढरी, जखमेवर लावतात ती. वॉर्डातले दिवे घालवले की पट्टीखालून लाल दिसतो.